ब्युरेटमधलं थोरियम

पांढऱ्या टाइलवर शंकूपात्र ठेवलेलं. आत फिकट पिवळं पाणी, वर ब्युरेट, आणि ब्युरेटमध्ये थोरियम नायट्रेटचं पातळ द्रावण. तोटी जराशी सोडली की थेंब पडतो, पडल्या जागी क्षणभर गुलाबी झाक उमटते आणि पात्र हलवलं की विरून जाते. पुन्हा थेंब, पुन्हा झाक, पुन्हा पिवळं. हे बराच वेळ चालतं. मग एका थेंबाला गुलाबी रंग येतो आणि जात नाही. तो इतका फिका असतो की टाइल पांढरी नसेल तर दिसायचाही नाही.

डोंबिवलीच्या ज्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवलं, तिथं हा प्रयोग मी वर्षानुवर्षं मुलांकडून करून घेतला. पाण्यातलं फ्लोराइड मोजायची ही १९३३ सालची रीत, विलर्ड आणि विंटर या दोघांची. नमुन्यातलं फ्लोराइड आधी ऊर्ध्वपातनानं वेगळं काढायचं, द्रावणाचा पीएच तीनच्या आसपास बांधून ठेवायचा, अलिझरिन रेड एस हा दर्शक टाकायचा आणि थोरियमनं टायट्रेशन करायचं. नमुना बहुतेकदा कुणाच्या तरी गावचा असे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं आणि तेच पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात आणि पुढं हाडं धरतात. त्या भागातून शिकायला आलेल्या मुलांना हा प्रयोग का करायचा ते सांगावं लागत नसे.

एका वर्षी एका मुलीनं बाटलीवरची चिठ्ठी वाचून विचारलं, "सर, थोरियम म्हणजे ते अणुभट्टीवालं थोरियम?"

होय, तेच. अणुक्रमांक ९०. ॲक्टिनाइड मालिकेतलं, युरेनियम, नेपच्युनियम, प्लुटोनियम यांच्याच घरातलं. आम्लयुक्त द्रावणात ॲक्टिनाइड धातूंचे आयन फ्लोराइडशी कसे बांधले जातात, हा या पुस्तकाचा विषय. ऐकायला तो कुंपणाआड, पहारेकऱ्यांच्या पलीकडचा वाटतो. पण त्याचा उंबरठा त्या पांढऱ्या टाइलवर आहे. त्या मुलीच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर द्यायला मला तास पुरला नाही. पुढं रविवारी सकाळी आठ-दहा मुलं जमू लागली, वह्या भरल्या, आणि त्या वह्यांचं हे पुस्तक झालं.

आता त्या शंकूपात्रात नेमकं काय घडतं ते पाहू, कारण पुढची सगळी प्रकरणं त्यातूनच निघतात. थोरियमचा आयन चार धनभारांचा, आकारानं बेताचा, म्हणजे भार दाट. फ्लोराइडचा आयन ऋणभारी आयनांमध्ये लहानात लहान. असे दोघे समोर आले की पकड घट्ट बसते. पात्रात अलिझरिनही थोरियमची वाट पाहत असतं, पण फ्लोराइड शिल्लक असेपर्यंत त्याला थोरियम मिळत नाही. फ्लोराइड संपलं की पहिला मोकळा थोरियम अलिझरिनच्या हाती लागतो आणि गुलाबी रंग टिकतो. तो रंग म्हणजे दोन पकडींमधल्या फरकाची दृश्य खूण.

मग पीएच तीनच का? आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काका राहायचे. ट्रॉम्बेला अणुशक्ती केंद्रात नोकरीला होते. सकाळची लोकल, कुर्ल्याला उतरून हार्बर, मग बस, असा त्यांचा जन्मभराचा रस्ता. कामाबद्दल ते अवाक्षर काढत नसत. मी हा प्रयोग शिकवतो हे कळल्यावर मात्र एकदा जिन्यात थांबवून म्हणाले, "पीएच हलवून बघ रे जरा. दोनवर कर, पाचवर कर. मग कळेल तुला थोरियम कसलं आहे ते."

मी करून पाहिलं. पाचवर रंगाचा भरवसाच उरला नाही. तिथं अलिझरिन स्वतःच रंग बदलू लागतं आणि थोरियम पाण्याशीच संसार मांडतं, पाण्याचे हायड्रॉक्सिल गट अंगाला लावून घेतं. दोनवर दुसरीच अडचण. फ्लोराइड हायड्रोजनला जाऊन बिलगतं आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या रूपात जणू दडून बसतं. हे आम्ल सौम्य आहे, त्याचा पीकेए ३.१७. पीएच तीनवर साधारण ४० टक्के फ्लोराइड मोकळं असतं, दोनवर जेमतेम सहा टक्के. आणि एक मोलर तीव्र आम्लात, जिथं प्लुटोनियमचं काम चालतं, हजारात एखादा फ्लोराइड आयन मोकळा सापडतो.

काकांना हेच दाखवायचं होतं. या विषयात ओढाताण तिघांची आहे. धातूला फ्लोराइड हवं, हायड्रोजनला फ्लोराइड हवं, आणि पाण्याला धातू हवा. आम्ल कमी केलं तर पाणी धातू पळवतं, वाढवलं तर हायड्रोजन फ्लोराइड पळवतो. आम्लाचं प्रमाण सांगितल्याशिवाय धातू-फ्लोराइडच्या पकडीबद्दल काही बोलणं निरर्थक आहे. म्हणूनच या पुस्तकाच्या उपशीर्षकात 'आम्लयुक्त द्रावणात' हे शब्द आले आहेत. ते काढून टाका असं एका मित्रानं सुचवलं होतं, मी काढले नाहीत.

टायट्रेशनमधली आणखी एक गोष्ट मुलांना खटकायची. पुस्तकात लिहिलेलं असतं की एका थोरियमला चार फ्लोराइड लागतात. प्रत्यक्षात हिशेब तसा चोख जुळत नाही. म्हणून आधी माहीत असलेल्या सोडियम फ्लोराइडवर प्रमाणवक्र काढावा लागतो. कारण पात्रात एकाच प्रकारचं संयुग नसतं. एक फ्लोराइड धरलेले थोरियम असतात, दोन धरलेले, तीन, चार धरलेलेही असतात, आणि कोणाचं प्रमाण किती हे मोकळ्या फ्लोराइडवर ठरतं. पहिलं फ्लोराइड सर्वांत घट्ट बसतं, दुसरं त्याच्या साधारण शंभरपट ढिलं, आणि पुढची आणखी ढिली. डोंबिवली लोकलनं येणाऱ्या मुलांना मी चौथ्या सीटचं उदाहरण देई. तिघांचा बाक, त्यावर चौथा टेकतो. बसलेला असतो खरा, पण गाडीनं वळण घेतलं की सर्वांत आधी तोच सरकतो. या प्रत्येक जागेच्या घट्टपणाला एक आकडा असतो. त्याला इथं मी 'स्थैर्यांक' म्हटलं आहे. हे सगळं शास्त्र त्या आकड्यांचं शास्त्र आहे.

आकडे कशाला हवेत, हे सांगायला मुलांना मी आधी एमआयडीसीत नेत असे.

स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, पाइप, रिॲक्टर बनवणारी फॅब्रिकेशनची वर्कशॉप डोंबिवलीत आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात कितीतरी आहेत. वेल्डिंग झालं की जोडाच्या दोन्ही बाजूंना निळा-काळा पट्टा पडतो. तो तसाच राहिला तर पुढं तिथूनच गंज धरतो. त्यावर ब्रशनं पेस्ट लावतात. नायट्रिक आम्ल आणि त्यात थोडं हायड्रोफ्लोरिक. याला पिकलिंग म्हणतात. आम्ही गेलो त्या वर्कशॉपमध्ये कोपरापर्यंत रबरी हातमोजे आणि तोंडावर काचेसारखी पारदर्शक ढाल घातलेला एक कारागीर जोडावरून सावकाश ब्रश फिरवत होता. घाई नाही, एकदा लावलेल्या जागी दुसऱ्यांदा हात नाही. अर्ध्या तासानं पाण्याचा फवारा मारला आणि काळ्या पट्ट्याच्या जागी रुपेरी, मंद चमकणारं स्टील वर आलं. शेजारच्या फळीवर कॅल्शियम ग्लुकोनेटच्या जेलची ट्यूब ठेवलेली होती. हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीवर पडलं तर इतर आम्लांसारखं लगेच चुरचुरत नाही. आत शिरतं आणि शरीरातल्या कॅल्शियमला धरतं. दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. जेलमधलं कॅल्शियम त्या फ्लोराइडला वाटेतच अडवतं. ती ट्यूब म्हणजेही धातू आणि फ्लोराइडच्या पकडीचाच उपयोग, हे मुलांना तिथं उभं राहून जितकं कळलं तितकं फळ्यावर कधी कळलं नसतं.

नायट्रिक हे जोरदार आम्ल. पण धातूवरच्या ऑक्साइडच्या थराला एकट्या नायट्रिकनं हवं तसं सोडवता येत नाही. थोडं फ्लोराइड आलं की थर सुटतो. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता ट्रॉम्बेला जाऊ. (सरकारी मराठीत तुर्भे. पण ठाण्या-डोंबिवलीच्या माणसाला तुर्भे म्हटलं की नवी मुंबईतलं स्टेशन आठवतं, म्हणून मी सगळीकडं ट्रॉम्बेच लिहिलं आहे.)

केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट नावाचं खनिज आहे. त्यात थोरियम आहे आणि लँथॅनमसारखी विरळ मृदा मूलद्रव्यंही आहेत. हे लँथॅनम लक्षात ठेवावं, ते पुढं दोनदा भेटणार आहे. ट्रॉम्बेचं अणुशक्ती केंद्र १९५४ मध्ये सुरू झालं, होमी भाभांच्या मृत्यूनंतर १९६७ मध्ये त्याला त्यांचं नाव मिळालं. थोरियमचा कारखाना तिथं १९५५ मध्येच उभा राहिला होता. त्या काळी थोरियम नायट्रेटचा मोठा उपयोग एकच, बत्तीचं मँटल. लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत डोक्यावर धरलेल्या पेट्रोमॅक्समध्ये जी पांढरी जाळी लखलखायची ती थोरियम ऑक्साइडची, त्यात किंचित सिरियम. ती जाळी ज्वाळेत वितळत नाही, कारण थोरियम ऑक्साइडचा वितळणबिंदू ३३०० अंश सेल्सिअसच्याही वर आहे. ऑक्साइडांमध्ये इतका चिवट दुसरा शोधून सापडायचा नाही.

भाभांच्या तीन टप्प्यांच्या योजनेत हाच चिवट ऑक्साइड इंधनाचा कच्चा माल. अणुभट्टीत थोरियमनं न्यूट्रॉन गिळला की त्याचं प्रोटॅक्टिनियम होतं, ते २७ दिवसांच्या अर्धायुकालानं ऱ्हास पावत युरेनियम २३३ होतं, आणि ते जळणाच्या कामी येतं. कल्पाक्कमची कामिनी ही छोटी अणुभट्टी १९९६ मध्ये याच युरेनियम २३३ वर सुरू झाली. पण हे युरेनियम मिळवायचं तर भट्टीतून काढलेलं थोरियम ऑक्साइड आधी विरघळवावं लागतं. युरेनियमचं ऑक्साइड नायट्रिक आम्लात सहज विरघळतं. थोरियमचं ढिम्म हलत नाही. मँटलमध्ये ज्या गुणाचं कौतुक, तोच गुण इथं अडसर होऊन बसतो.

त्यावरचा उपाय वर्कशॉपमधल्याच घराण्यातला. उकळतं, १३ मोलरच्या आसपासचं नायट्रिक आणि त्यात फक्त ०.०३ मोलर हायड्रोफ्लोरिक. चारशेला एक असं प्रमाण. ते चिमूटभर फ्लोराइड ऑक्साइडच्या पृष्ठभागावर थोरियमला धरून सैल करतं, नायट्रिक त्याला द्रावणात ओढून नेतं आणि फ्लोराइड पुढच्या थोरियमकडं वळतं. म्हणजे ते उत्प्रेरकासारखं राबतं.

इथं चिमटीचा हिशेब चुकला तर काय होतं? फ्लोराइड जास्त झालं तर थोरियमचा पांढरा, न विरघळणारा टेट्राफ्लोराइड तयार होतो आणि जे विरघळवायचं त्याच्याच अंगावर थर चढवतो. शिवाय विरघळवायचं भांडं स्टेनलेस स्टीलचं. वेल्डचा काळा पट्टा काढणारं मिश्रण आता तासचे तास उकळत त्याच भांड्यात आहे, ते भांडं खाऊ लागतं. म्हणून सोबत ॲल्युमिनियम नायट्रेट घालतात, ०.१ मोलर. ॲल्युमिनियम मोकळ्या फ्लोराइडला बऱ्यापैकी धरतं, भांडं वाचतं, पण विरघळण्याचा वेगही थोडा मंदावतो. आणि एक गुंता असा की थोरियम जसजसं द्रावणात उतरतं तसतसं तेच फ्लोराइडला जखडून ठेवू लागतं. सुरुवातीला जोरात चाललेलं काम शेवटी रेंगाळतं. उरलेला ऑक्साइड तिथंच असतो, फ्लोराइडही तितकंच असतं, फक्त ते आता रिकामं नसतं.

किती थोरियमला किती फ्लोराइड, त्यात ॲल्युमिनियम किती, कशानं कोणाला किती जखडलं, हे अंदाजानं ठरत नाही. प्रत्येक जोडीच्या पकडीचा आकडा हातात असेल तर कागदावर मांडता येतं. फ्लोराइडबद्दल आपल्याकडं दोनच टोकांनी बोललं जातं, एक तर विष नाही तर टूथपेस्ट. या विषयानं मला शिकवलं की फ्लोराइडबद्दल नुसत्या नावावरून काही बोलू नये. किती, आणि त्यातलं मोकळं किती, हे आधी विचारावं.

हे आकडे मोजले कोणी आणि कसे, ही या पुस्तकातली मला सर्वांत आवडती बाजू. पाचवं आणि सहावं प्रकरण त्यावरच आहे.

१९६६ मध्ये फ्रँट आणि रॉस या दोघांनी फ्लोराइड ओळखणारं विद्युतअग्र बनवलं. त्याचा प्राण म्हणजे लँथॅनम फ्लोराइडचा एकसंध स्फटिक, त्यात थोडं युरोपियम मिसळलेलं. या स्फटिकातून फ्लोराइड आयन सरकू शकतात, दुसरा कोणी सहसा शिरत नाही. द्रावणातलं मोकळं फ्लोराइड दहापट झालं की २५ अंशांवर मीटरचा आकडा ५९ मिलिव्होल्टनं बदलतो. मोकळं फ्लोराइड, हा शब्द महत्त्वाचा. धातूनं धरलेलं किंवा हायड्रोजनला बिलगलेलं फ्लोराइड या अग्राला दिसतच नाही.

आता प्रयोग असा. एका बीकरमध्ये ठरलेल्या तीव्रतेचं आम्ल घ्या, त्यात सोडियम फ्लोराइड थोडं थोडं घाला, प्रत्येक वेळी मिलिव्होल्ट लिहा. मग त्याच आम्लात थोरियम घालून पुन्हा तेच करा. पहिल्या वेळी जो आकडा तिसऱ्या भरीला आला तो आता कितीतरी उशिरा येतो. मधलं फ्लोराइड गेलं कुठं? थोरियमकडं. दोन वक्रांमधलं अंतर मोजलं की एका थोरियमनं सरासरी किती फ्लोराइड धरले ते कळतं. ही सरासरी वापरून पायरीपायरीचे स्थैर्यांक काढायची पद्धत कोपनहेगनच्या यान्निक ब्येरुम यांनी १९४१ च्या प्रबंधात बांधून दिली. त्यांचं काम धातूभोवती अमोनिया जमून होणाऱ्या संकुलांवर होतं. गणित मात्र सगळ्यांना लागू पडतं.

मी हे पहिल्यांदा करायला गेलो तेव्हा नेहमीचा काचेचा बीकर घेतला. आकडे ठरेनात. प्रत्येक मिनिटाला मीटर सरकत राहिला. दोन दिवस मी अग्राला दोष दिला. मग बीकर धुतला, उजेडात धरला, आणि आतून काच धुरकटलेली दिसली. आम्लातलं फ्लोराइड काचेतल्या सिलिकाला धरत होतं. माझ्या बीकरमध्ये तीन नाही, चार जण ओढाताण करत होते आणि चौथ्याला मीच आणून बसवलं होतं.

ट्रॉम्बेत हे मोजमाप थोरियमवर थांबलं नाही. भाभा केंद्रातल्या आर. एम. सावंत, एन. के. चौधुरी, एस. के. पाटील या रसायनतज्ज्ञांनी फ्लोराइडचं हेच अग्र वापरून थोरियम, युरेनियम, नेपच्युनियम आणि प्लुटोनियम या चौघांच्या चतुःसंयुजी आयनांचे फ्लोराइड-स्थैर्यांक काढले. तो निबंध १९९० चा. त्याआधी १९८५ मध्ये षट्संयुजी ॲक्टिनाइडांवर आणि पंचसंयुजी नेपच्युनियमवर त्यांचं काम, जी. एच. रिझवी यांच्यासह, प्रसिद्ध झालेलं आहे. त्याही आधी, १९७८ मध्ये पाटील, व्ही. व्ही. रामकृष्ण आणि एम. व्ही. रमणय्या यांनी नेपच्युनियमच्या जलीय संकुलांचा मोठा आढावा लिहिला. जगभरच्या संदर्भग्रंथांत या विषयाच्या पानांवर ही नावं येतात. सावंत आणि पाटील ही आडनावं तिथं वाचताना माझ्या विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी अनेकदा पाहिलं आहे. इतकं जवळ आहे हे सगळं आणि मराठीत त्याबद्दल वाचायला मिळत नाही, या खंतीतूनच लिहायला बसलो.

थोरियमवर काम करणं आणि प्लुटोनियमवर करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक. थोरियमला द्रावणात एकच अवस्था माहीत आहे, चार. प्लुटोनियम तीन, चार, पाच, सहा अशा चार अवस्थांत एकाच भांड्यात एकत्र राहू शकतं. आम्ल कमी पडलं की चारवालं प्लुटोनियम स्वतःतच फुटून काही तीनमध्ये, काही सहामध्ये जातं, नाहीतर पाण्याशी जुळून हिरवट कलिल बनतं आणि ते पुन्हा विरघळायला मोठं हट्टी. म्हणून आम्ल भरपूर ठेवायचं. आम्ल भरपूर ठेवलं की मोकळं फ्लोराइड नावापुरतं उरतं. इतक्या थोड्या फ्लोराइडवर अग्र भरवशाचा आकडा देतं तरी कसं? देतं, कारण मागं हायड्रोफ्लोरिक आम्लाचा साठा असतो. एक मोकळा आयन कमी झाला की साठ्यातून दुसरा सुटतो, पातळी टिकून राहते. आणि हे सगळं उघड्या टेबलावर चालत नाही. प्लुटोनियमचे अल्फा कण कातडीही भेदत नाहीत, पण त्याचा कण श्वासातून आत गेला तर घातक. म्हणून ग्लोव्ह बॉक्स. बंद पेटीत दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी ठेवलेला, म्हणजे गळती झालीच तर हवा आत जाईल, बाहेर येणार नाही. भिंतीतल्या जाड हातमोज्यांत हात घालून थेंब थेंब फ्लोराइड घालायचं आणि मिलिव्होल्ट वाचायचे. मी उघड्या हातानं बीकर धुऊ शकलो. तिथं एक बीकर बदलायचा तर तो आत-बाहेर करण्याचाच एक विधी असतो.

आता त्या आकड्यांकडं. आंतरराष्ट्रीय संकलनांत पहिल्या फ्लोराइडचे स्थैर्यांक, लॉगमध्ये आणि शून्य आयनिक तीव्रतेला, असे दिले आहेत. थोरियम ८.८७, युरेनियम ९.४२, नेपच्युनियम ८.९६, प्लुटोनियम ८.८४. हे चौघेही चार धनभारी. थोरियमकडून प्लुटोनियमकडं जाताना आयन लहान होत जातो, म्हणून पकड क्रमानं वाढत जावी अशी कोणाचीही अपेक्षा असते. तसं होत नाही. युरेनियमला ती चढलेली दिसते आणि पुढं उतरते. पण युरेनियमच्या आकड्यासोबत ०.५१ ची अनिश्चितताही छापलेली आहे. त्या पट्ट्यात बाकीचे जवळपास येऊन टेकतात. क्रम सांगताना ही अनिश्चितता झाकून ठेवू नये, म्हणून मी पुस्तकात प्रत्येक आकड्याला त्याची शेपटी लावली आहे.

चारवाल्यांच्या बाहेर गेलं की चित्र ठसठशीत होतं. सहा अवस्थेतलं युरेनियम दोन ऑक्सिजनांना दोन्ही हातांनी धरून युरेनिल आयन बनतं, एकूण भार दोन. तीन धनभारी अमेरिशियम एका बाजूला, दोन भारांचा युरेनिल दुसऱ्या बाजूला. फ्लोराइडला जास्त कोण धरेल? मुलं नेहमी अमेरिशियम म्हणतात. आकडे उलटं सांगतात. अमेरिशियम ३.४, युरेनिल ५.१६. ऑक्सिजन युरेनियमचा भार पुरता झाकत नाहीत, बाजूनं येणाऱ्या फ्लोराइडला तो तीनहून अधिक असल्यासारखा जाणवतो. पाच अवस्थेतलं नेपच्युनियम, तेही दोन ऑक्सिजनांसह, मात्र १.२ वर जाऊन बसतं. म्हणजे क्रम चार, मग सहा, मग तीन, मग पाच. हा क्रम पाठ करायचा नसतो. आयनाला समोरून न पाहता कमरेच्या बाजूनं पाहिलं की तो आपोआप सुचतो. तिसऱ्या प्रकरणातली आकृती त्यासाठीच आडवी छापली आहे.

याच अवस्थाभेदावर प्लुटोनियमचा शोध उभा आहे. बर्कलीत १९४१ च्या फेब्रुवारीत ग्लेन सीबोर्ग, आर्थर वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे मूलद्रव्य ओळखलं त्याचं प्रमाण इतकं कमी होतं की डोळ्यांना दिसणं शक्यच नव्हतं. त्यांनी लँथॅनम फ्लोराइडचा साका पाडून पाहिला. खालच्या अवस्थेतलं प्लुटोनियम त्या साक्याबरोबर खाली बसायचं, वरच्या अवस्थेत नेलं की द्रावणातच राहायचं. न दिसणाऱ्या मूलद्रव्याची ये-जा दिसणाऱ्या साक्यावरून ओळखली. त्याच लँथॅनम फ्लोराइडचा स्फटिक पंचवीस वर्षांनी विद्युतअग्रात बसला आणि प्लुटोनियमची पकड मोजायला कामी आला. आणि ते लँथॅनम आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियमच्याच शेजारी आहे. मी श्रद्धाळू माणूस आहे, अशा जागी क्षणभर थांबतो.

भाषेबद्दल थोडं. 'साका' हा शब्द मराठी विश्वकोशानं वापरला, तो मी ठेवला. 'अवक्षेप' मला घशात अडकल्यासारखा वाटतो, आणि आजीच्या तोंडी ताकाचा, चुन्याच्या निवळीचा साका होताच. टायट्रेशनला 'अनुमापन' हा चांगला शब्द आहे, पण प्रयोगशाळेत मुलं टायट्रेशनच म्हणतात, मीही तेच लिहिलं. धातूभोवती जे जमतात त्यांना 'लिगंड' आणि जमून जे होतं त्याला 'संकुल'. 'जटिल आयन' हा जुना शब्द मी टाळला. त्यात जटिल काही नाही, आणि तो शब्द ऐकूनच मुलं मागं सरतात.

वाचताना पेन्सिल जवळ ठेवावी. दुसऱ्या प्रकरणातली उदाहरणं सोडवताना हायड्रोफ्लोरिक आम्लाचा ३.१७ हा आकडा शून्य आयनिक तीव्रतेचा आहे हे विसरू नये. एक मोलर माध्यमात तो २.९५ च्या जवळ घ्यावा, नाहीतर पुढचे सगळे स्थैर्यांक सरकतात. आणि प्रयोग करून पाहायचा झाला तर तो थोरियमवर नको. थोरियम अणुऊर्जा कायद्याखाली नियमनात येतं, कॉलेजात आता ती बाटली सहजासहजी मिळत नाही आणि मिळूही नये. ॲल्युमिनियम घ्यावं. त्याच्या पहिल्या फ्लोराइडचा लॉग स्थैर्यांक सातच्या आसपास आहे, अग्र तेच, गणित तेच, वक्रही तसाच सरकलेला मिळतो. नवव्या प्रकरणात त्याची कृती ओळीनं दिली आहे. बीकर मात्र पॉलिप्रॉपिलीनचा घ्या.